वास सोडून बाकी सगळं

४ नोव्हेंबर
चालत्या बसमधून, तेव्हा अक्षराला हसू नकोस

प्रिय ठके,

बोलावल्याशिवाय दारात पाऊल टाकायचं नाही, असं तू म्हणालीस. बरं बाई, नाही टाकत. पण पत्र पाठवायचं नाही असं काही म्हणाली नव्हतीस. मी दोनदा आठवून बघितलंय. तेव्हा हे पत्र. फाडायचं तर फाड, पण आधी वाच. पडद्याचं कापड तू चारदा मापल्याशिवाय कात्री लावत नाहीस, तेवढी मेहेरबानी माझ्या कागदावरही कर.

तर, मी बसमध्ये आहे. खिडकीशी. खरोखरच्या खिडकीशी, चौकशीच्या नव्हे! सगळी नोकरी बस स्टँडच्या त्या चौकशी खिडकीत गेली. कुठली गाडी कुठल्या फलाटावर, कुठे उतरून कुठली धरायची, झोपेत विचारलं तरी सांगेन. आणि त्यातल्या एकाही लांबच्या गाडीत मी कधी बसले नव्हते. लोक विचारायचे, 'बाई, तिकडे बघण्यासारखं काय आहे हो?' मी आपलं ठोकून द्यायची, 'तलाव आहे.' तलाव कुठेही असतोच. आता निवृत्तीचा पास कपाटात नुसता पडून होता. परवा काढला, पिशवी भरली, निघाले. शेजारीण म्हणाली, 'या वयात एकट्या?' म्हटलं, या वयात दुकटं जायला माझ्यासाठी कोण थांबलंय!

कशासाठी निघालेय ते तू विचारणार नाहीस, म्हणून मीच सांगते. तापात तुझा वास गेला आणि वासापाठोपाठ जेवण गेलं. तू चहा आणि कोरड्या पावावर आलीस. डॉक्टर म्हणाले, महिनाअखेरपर्यंत वजन असंच उतरत राहिलं तर दवाखान्यात भरती करायची आणि नाकातून नळी घालायची. हे मला कुणी सांगितलं ते विचारू नकोस. मी आणलेला डबा तू दारातूनच परत दिलास. आता मला जे येतं ते आईकडून आलेलं आणि थोडं माझं, संपलं. लोकांच्या घरी काय चालतं? आजारी माणसाला काय देतात, मन उडालं, घास उतरेनासा झाला की काय करतात, मला काडीची माहिती नाही. म्हटलं, जाऊन बघावं.

ठरवलंय असं. जिथे उतरेन त्या घरात एक वेळ मी रांधायचं आणि एक वेळ त्यांनी. त्यांनी मात्र पाहुण्यांचं करायचं नाही, आजारपणातलं करायचं. पहिला मुक्काम या गाडीच्या लाल मफलरवाल्या ड्रायव्हरच्या आत्याकडे. ती लाँड्री चालवते म्हणे.

माझ्या शेजारचा माणूस माझ्या खांद्यावर झोपलाय. उठवावं का?

तुझी ताई


६ नोव्हेंबर
लाँड्रीच्या वरच्या खोलीतून

ठके,

आत्याबाई म्हणजे एक वल्ली आहे! खाली दोन इस्त्र्या, मध्ये कपड्यांचे ढीग, आणि मागच्या कोपऱ्यात शेगडी. इस्त्री करता करता मान मागे वळवून भांड्यात बघते. मी विचारलं, 'आत्याबाई, घरात कुणी आजारी पडलं की काय करता?' तर म्हणाली, 'आधी ओरडते. मग कांदा चिरते.'

कांदे किती, तर आपण आठवडाभर पुरवू तेवढे. पातळ चिरून मंद आचेवर ठेवायचे आणि विसरून जायचं. दोन ढीग कपडे इस्त्री होईपर्यंत हात लावायचा नाही. मग त्यात गरम पाणी, कालचा पाव, वरून फोडलेलं अंडं. पण ठके, तो कांदा तांबूस व्हायला लागला तेव्हाचा घमघमाट! जिन्यात, गल्लीत, समोरच्या दुकानात, सगळीकडे दरवळ. गिऱ्हाइकं कपडे घ्यायला येतात आणि पावती हातात धरून तशीच उभी राहतात. मी दोन वाट्या खाल्ल्या, तिसरी मागायची लाज वाटली, पण मागितली. माझ्या अंगातल्या साडीलासुद्धा तो खमंग वास आहे, लिहिताना अजून येतोय.

दुसऱ्या वेळी मी मऊ भात आणि लसणाची फोडणी दिलेलं पातळ वरण केलं. शेजारी उभी राहून विचारलं, 'कसं झालंय?' आत्याबाई म्हणाली, 'गप बस, जेवू दे.' असली उद्धट बाई मी पाहिली नाही! आवडली मला.

कृती पाठ करून घेतलीय. तुझ्या नवऱ्याला सांगून करायला लाव.

ताई


११ नोव्हेंबर
नर्सेसच्या वसतिगृहातून

ठके,

आता लपवून काय करू? तुझा नवरा मला फोन करतो. बिचारे मेहुणे जिन्यात जाऊन दबक्या आवाजात बोलतात, वाटावं की दरोड्याचा बेत शिजतोय. त्यांच्यावर चिडू नकोस. ते घाबरलेत.

ते म्हणाले, तू माझं पत्र 'घमघमाट' या शब्दापर्यंत वाचलंस, घडी घातलीस, शिलाई मशीनच्या खणात टाकलंस आणि त्या दिवशी चहासुद्धा घेतला नाहीस.

आधी मला रागच आला. एवढ्या लांबून लिहितेय आणि हिचे नखरे! मग लाज वाटली. मग परत थोडा राग आला, तो मात्र स्वतःचा. आंधळ्या माणसाला मी सूर्यास्ताचं वर्णन करून पाठवलं, वर सांगितलं की तुमच्या घरातही करून बघा ना. चुकलं माझं. यापुढे या पत्रांत वासाचं नाव निघणार नाही.

पण म्हटलं आणि पंचाईत झाली. काल रात्रपाळीवरून आलेल्या इथल्या एका नर्सताईंचं जेवण तुला लिहायला घेतलं, तर पहिलाच शब्द आला 'खमंग'. खोडला. दुसरा आला तोही खोडला. आपण अन्नाचं कौतुक करतो ते सगळं नाकानंच करतो की गं! अर्धा तास पेन तोंडात धरून बसले. शेवटी नर्सताईंना म्हटलं, 'डोळे मिटा, नाक चिमटीत धरा आणि एक घास खाऊन सांगा, तोंडात काय चाललंय?' त्या दमून आल्या होत्या. तरी धरलं बिचारीनं. नर्सेसना कुठल्याही विचित्र मागणीची सवय असते, असं त्याच म्हणाल्या.

तर ऐक. ड्यूटी संपली की त्या गरम भातावर फ्रिजमधलं गार दूध ओततात आणि चिमूटभर साखर. ढवळायचं नाही! लगेच खायचं. मग होतं काय, घासाची खालची बाजू चटका देते आणि वरची गार असते. दोन्ही जिभेवर भेटतात. साखर अजून विरघळलेली नसते, ती दाताखाली कचकचते. त्या म्हणाल्या, 'चावायची ताकद नसते, पण आपण जिवंत आहोत एवढं तोंडाला कळायला हवं.' नाक धरून मीही खाल्ला. गंमत वाटली! पहिल्या दोन घासांना वाटलं काहीच लागत नाही. तिसऱ्याला कळलं की बरंच काही लागतंय, माझं लक्षच नव्हतं.

आणि मग शब्द सुचायला लागले. कुरकुरीत, खुसखुशीत, लुसलुशीत, रवाळ, चिवट, करकरीत, बुळबुळीत. एवढे शब्द आपल्याकडे पडलेत आणि मी आयुष्यभर 'खमंग' एकावरच संसार केला.

तू बोटांनी कापड ओळखतेस. दिवे गेले तेव्हासुद्धा सुती कोणतं, रेशमी कोणतं ते सांगायचीस. मला वाटतं जिभेलाही बोटं असावीत.

इथल्या स्वयंपाकघरात पातेली एवढी मोठी आहेत की घासायला आत उतरावं लागेल. उद्या मी बटाट्याचं काहीतरी करणार आहे. सगळ्या मुली आत्ताच विचारतायत काय, काय. छान आहेत, फार दमतात.

ताई


१७ नोव्हेंबर
शेवटच्या थांब्याजवळचं घर, भाड्याची खोली

ठके!

भात मऊ होता, पण शितं मोडलेली नव्हती. फडफडीत नव्हता, गिच्चही नव्हता. चमच्यात घेतला की घसरायचा नाही, पण तोंडात गेल्यावर हट्ट करायचा नाही.

मेहुण्यांनी फोनवर सांगितलं, परवा तू हेम घालता घालता, कुणाकडे न बघता विचारलंस, 'तो भात फडफडीत होता की गिच्च?' त्यांना उत्तर देता येईना म्हणून मला फोन. मी स्टँडवर होते, आजूबाजूला प्रवासी, आणि मी फोनवर ओरडतेय, 'मोडलेली नव्हती म्हणावं, शितं मोडलेली नव्हती!' लोकांना वाटलं अपघाताची बातमी आहे. ठके, मला एवढा आनंद झाला की मी चुकीच्या गाडीत बसले. मी! चौकशी खिडकीवाली!

म्हणून इथे येऊन पोचलेय. ही गाडी इथेच संपते. परतीची सकाळी, म्हणून स्टँडसमोरच्या घरात खोली घेतली. घर एका निवृत्त हेडमास्तरांचं. बाई खोल्या भाड्यानं देतात, हेडमास्तर दिवसभर स्वयंपाकघरातल्या टेबलाशी पेपर वाचतात आणि सगळ्या जगाच्या चुका काढतात. मी आल्या आल्या त्यांनी माझ्या बसच्या वेळापत्रकात दोन चुका काढल्या. एक बरोबर होती.

आता जे झालं ते सांगताना अजून कानशिलं गरम होतात.

मी आपल्या नियमाप्रमाणे म्हटलं, आज रात्रीचं मी करते. दूध तापत ठेवलं आणि मागच्या अंगणात कोथिंबीर आहे का बघायला गेले. तिथे बाईंशी बोलत राहिले. परत येते तर शेगडीवरून धूर निघतोय, दूध उतू जाऊन, आटून, भांडं काळंठिक्कर. आणि शेगडीकडे पाठ करून, दोन हातांवर हेडमास्तर पेपर वाचतायत! पान उलटतायत! माझं डोकंच फिरलं. मी ओरडले, 'अहो मास्तर, माणूस आहात की पुतळा? नाक काय गहाण ठेवलंय?'

त्यांनी पेपर खाली ठेवला, शेगडीकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. बाई मागून आल्या होत्या. त्यांनी शेगडी बंद केली, खिडकी उघडली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, 'त्यांना वास येत नाही हो. बल्ब बदलताना शिडीवरून पडले, डोक्याला लागलं, तेव्हापासून.'

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. मी माफी मागितली. तीन वेळा मागितली. चौथ्यांदा मागायला लागले तर हेडमास्तर म्हणाले, 'पुरे. भांडं तुम्ही घासा.'

घासलं. अजून काळं आहे. पण ठके, घासता घासता माझ्या लक्षात आलं की हा माणूस चांगला धडधाकट आहे. गाल भरलेले, पोट सुटलेलं. वास नाही आणि पोट सुटलंय! मी उद्याची गाडी सोडलीय. इथून हलत नाही आता.

ताई


२१ नोव्हेंबर
तिथूनच

ठके,

चार दिवस मी त्यांचं ताट बघत बसले. चोरून बघत होते, पण त्यांना दुसऱ्या दिवशीच कळलं. 'मोजमाप चाललंय वाटतं,' म्हणाले. मग मी सरळ सांगून टाकलं, माझी धाकटी बहीण अशी अशी आहे, जेवत नाही, महिनाअखेरची मुदत आहे, मला सगळं सांगा. ते खूश झाले. हेडमास्तरला विद्यार्थी मिळाला.

त्यांच्या ताटात काहीही एकत्र नसतं. बटाटा उकडून मग तव्यावर दाबून भाजलेला, कडा कडक, आत पिठूळ. तो गरमच हवा, कोमट झाला की परत पाठवतात. शेजारी गार दही, काकडीच्या जाड चकत्या, लिंबाची फोड. आणि पाव इतका भाजलेला की ते तो कानाशी नेऊन मोडतात! आवाज बरोबर आला तर खायचा, नाही तर पुन्हा तव्यावर. मी हसले. मग मीही कानाशी मोडून बघितला. आपल्या कानाशी पाव मोडला की काय सुखाचा आवाज येतो गं!

'वास गेला म्हणजे चव गेली, असं लोक म्हणतात,' ते म्हणाले. 'मूर्ख आहेत. आंबट, गोड, खारट, कडू हे जिभेचं खातं आहे. तिनं कुठे राजीनामा दिलाय? तिखट तर डोळ्यांनासुद्धा कळतं.'

मी विचारलं, 'मग पडल्यानंतर तुम्ही एवढे वाळलात कसे?' बाईंनी मला जुना फोटो दाखवला होता. नुसता हाडांचा सापळा, वर चष्मा.

त्यांनी पेपरची घडी घातली. ते पेपरची घडी घालतात तेव्हा खरं बोलतात, असं बाईंचं म्हणणं.

'ही समोर बसायची,' ते म्हणाले. 'मी घास तोंडात घातला की विचारायची, कसं झालंय? मी म्हणायचो, छान. कारण हिनं सकाळपासून खपून केलेलं असायचं. दुसरा घास, कसं झालंय? छान. रोज दोन वेळा समोरासमोर बसून खोटं बोलायचं. एके दिवशी वाटलं, न जेवलेलं बरं. निदान छान म्हणावं लागणार नाही.'

बाई ओट्याशी होत्या. तिथूनच म्हणाल्या, 'मला काय माहीत! मी आपली काळजीनं विचारायचे.'

'मग थांबलात कशा?' मी विचारलं.

'शहाणपण सुचलं म्हणून नव्हे,' बाई म्हणाल्या. 'माझी अक्कलदाढ काढली. तोंड सुजून भोपळ्याएवढं. आठवडाभर बोलताच येईना. आणि त्या आठवड्यात हे जेवायला लागले.'

दोघंही हसली. मला काही हसू आलं नाही.

मला तूच दिसत होतीस. तुझ्या टेबलाशी, समोर माझा डबा, आणि डोक्याशी मी, हातात डाव घेऊन उभी. कसं झालंय गं? आणि तू म्हणतेयस, 'छान झालंय ताई.' तू! जन्मात माझ्या कुठल्या पदार्थाला बरं म्हटलं नाहीस. लहानपणापासून एकच पालुपद, आईच्या हाताची सर नाही, हे जाड झालंय, ते विरजलंय, ह्यात काय घातलंस, माती? आणि तापानंतर अचानक सगळं छान. मी तर हुरळून गेले होते. घरी जाताना स्वतःशीच म्हणायचे, बघ, शेवटी पसंतीला उतरलो आपण. रोज जास्त जास्त घालत गेले, लसूण, मिरी, आलं, आणि रोज जास्त जास्त विचारत गेले. तुला भूक नव्हती असं नाही. तुला रोज माझ्यासमोर परीक्षेला बसायचं नव्हतं.

त्या दिवशी तू डबा दारातून परत दिलास, तेव्हा मला वाटलं माझी बहीण माझ्यापासून तुटली. मेहुण्यांनी काल वजन सांगितलं. आणखी उतरलंय. ते फोनवर रडले, मला ते सहन झालं नाही. ठके, मी पहाटेच्या गाडीनं निघतेय. योग्य गाडीनं.

निघतेय म्हटल्यावर हेडमास्तरांनी एक सूचना दिली, की वर्णन करताना मी 'फार' हा शब्द फार वापरते. भांडं अजून काळंच आहे.

ताई


२५ नोव्हेंबर
माझ्या स्वयंपाकघरातून, डब्यासोबत

ठके,

तू येऊ नकोस म्हणालीस, तेव्हा मी येत नाही. तुझ्या जिन्यापर्यंत येईन, डबा दाराच्या कडीला अडकवीन आणि खाली उतरेन. बेल वाजवणार नाही. तुझ्या घरात तू तुझ्या मनाची आहेस.

डब्यात चार छोटे डबे आहेत. सगळं वेगवेगळं ठेवलंय, एकत्र करू नकोस. बटाटे तव्यावरून थेट उतरवलेत, फडक्यात गुंडाळलेत. ते आधी उघड, गार झाले तर मजा जाईल. कडांचा आवाज ऐक. दही फ्रिजमधलं आहे. काकडी. लिंबू. पाव तुझ्याकडे असेलच, चांगला भाज, आपल्याला वाटतं त्यापेक्षा थोडा जास्त, आणि मोडताना कानाशी ने. कुणी बघत नाहीये.

खा किंवा टाकून दे. मी संध्याकाळी फोन करून विचारणार नाही. उद्याही विचारणार नाही. तुझ्या नवऱ्यालाही ताकीद दिलीय की मला काही कळवायचं नाही आणि तू जेवत असताना दुसऱ्या खोलीत जाऊन बसायचं. त्यांना जड जाईल, पण बसतील. म्हणजे तू खाल्लंस की नाही हे मला कधीच कळणार नाही, असा बंदोबस्त मी स्वतःच केलाय. मला ओळखतेस ना? त्यावरून समज मला किती कठीण जातंय.

एक मात्र लिहिते, मग पेन ठेवते. मला भीती वाटते गं. अक्षर असं आलंय, पण आज काही मी बसमध्ये नाही. त्या नळीची भीती वाटते. तुझे ब्लाऊज तुझ्या अंगावर दोरीवर टाकल्यासारखे दिसतात, त्याची भीती वाटते. माझ्या स्वयंपाकाचं जाऊ दे खड्ड्यात. तुला आवडला नाही तरी चालेल, कुणाच्याही हातचं खा, त्या लाँड्रीवालीकडे जाऊन राहा, पण राहा. मला तू हवी आहेस.

चल, बटाटे गार होतायत.

ताई


२५ तारीख, संध्याकाळ
धुतलेल्या डब्यात

ताई,

बटाटे खारट झालेत.

थोडेथोडके नव्हे, चांगलेच खारट. दोनदा मीठ पडलंय. घाबरलीस की तुझा हात असाच चालतो. दही बरं होतं. काकडी मऊ पडली होती, करकरीत नव्हतीच, पुन्हा बाजारात बघून घेत जा. पाव मी जाळला. आवाज मात्र छान आला.

पहिला बटाटा तोंडात टाकला आणि 'खारट!' असं मोठ्यानं म्हणाले. हे त्या खोलीतून धावत आले, त्यांना वाटलं मी पडले. मी त्यांना पुन्हा सांगितलं, खारट आहे. ते तसेच दारात उभे राहिले आणि मला म्हणाले, 'अगं, खरंच?' तोंडातलं काही मला कळलं, आणि ते मी कुणाला खरं खरं सांगितलं, असं कितीतरी महिन्यांनी झालं. मग खात्री करायला दुसरा खाल्ला. तोही खारट. मग म्हटलं, एखादा तरी बरा असेल, म्हणून उरलेले तपासले. एकूण एक खारट निघाले, ताई. एकही शिल्लक नाही.

तुझी सगळी पत्रं मशीनच्या खणात आहेत. घमघमाटवालंसुद्धा. ते अजून पुढे वाचलेलं नाही, वाचेन कधीतरी. तू डोक्याशी डाव घेऊन उभी राहायचीस तेव्हा मला तुझं तोंड बघवायचं नाही. तू इतकी आशेनं बघायचीस. 'छान' म्हटलं नसतं तर तू रडली असतीस, आणि म्हटलं की माझा घास अडकायचा. हे मला तेव्हा सांगता आलं नाही, म्हणून दार लावलं. दुसरं काही नव्हतं.

सोमवारी डॉक्टरांकडे वजन आहे. काय होईल ते होईल. तू बरोबर ये. पण त्याआधी उद्या ये. मीठ एकदाच घाल. आणि डबा कडीला लावून चोरासारखी पळू नकोस, खिडकीतून दिसलीस मला, कोपऱ्यापर्यंत धावत होतीस, या वयात. बेल वाजव, आत ये, बस. कसं झालंय म्हणून विचारू नकोस.

मीच सांगेन.

ठकी